वाढदिवसापुरता मुलगा

योरिट होगलांड कॉफीला शिवला नाही, बिस्किटालाही नाही. अंगातला जाड कोट न काढताच तो खुर्चीच्या कडेवर बसला. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पँटला लावलेली क्लिपही त्याने काढली नव्हती.

"मला घराबाहेर काढतायत," तो म्हणाला. "या महिनाअखेर."

"कोण काढतंय?" फेना विर्समाने विचारलं.

"गृहसंस्था. कमी भाड्याने घरं देणारी. एल्झेनहोफमधलं घर वडिलांच्या नावावर भाड्याने होतं. डिसेंबरात ते गेले. चार वर्षं मी त्यांच्याजवळ राहत होतो, तरी संस्था म्हणते, तू तिथे राहतच नव्हतास."

फेनाने विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. निवृत्तीनंतर तोच धंदा तिने स्वतःच्या दिवाणखान्यात मांडला. तिच्याबरोबर कोस व्हेल्डकाम्प असायचा. तो गाडी चालवायला शिकवणारा जुना मास्तर. गाडी हाकणं, कॉफी करणं आणि चुकीचा अंदाज बांधणं, ही तीन कामं तो मनापासून करायचा.

"नगरपालिकेत पत्ता कुठला आहे तुमचा?"

"अल्मेरचा. तासाभरावरच्या गावात, मित्राच्या घरचा."

कोसने मनातल्या मनात निकाल लावून टाकला. झूटरमेरसारख्या शहरात इतक्या कमी भाड्यात बागेसकट घर मिळायचं, तर लोक काय वाटेल ते सांगतील.

"शेजारी काय म्हणतात?" फेना म्हणाली.

"ते म्हणतात, आम्ही याला इथे राहताना कधी पाहिलंच नाही." योरिट आपल्या हातांकडे बघत राहिला. "मी गोदामात रात्रपाळी करतो. पण मी होतो हो तिथे. ते कोणीतरी कबूल करावं, एवढंच मला हवंय."

"एवढंच? घर नको?"

"घरही हवंय," तो म्हणाला, पण जरा थांबून.

---

गृहसंस्थेच्या फान वेझेल बाई कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या होत्या आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"हे बघा, आमचा नियम साधा आहे. मूल आईबापाबरोबर दोन वर्षांहून जास्त राहिलं असेल, तर घर त्याच्या नावावर होतं. पण नुसतं राहून भागत नाही. चूल एक पाहिजे. संसार एकत्र पाहिजे. वरच्या खोलीत पोटभाडेकरूसारखं राहिलेलं चालत नाही."

"आणि हा तिथे राहतच नव्हता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"फोन आला होता. बाईमाणूस होतं, नाव नाही सांगितलं. म्हणाली, हा पोरगा वर्षातून एकदा बापाच्या वाढदिवसाला यायचा. बेल वाजवून, पाहुण्यासारखा. ऐन नोव्हेंबरात अंगात कोटसुद्धा नसायचा, जणू गाडी चालूच ठेवून आलाय. केकचा तुकडा खाल्ला की चालता व्हायचा." बाईंनी खांदे उडवले. "घरासाठी आमच्या यादीत थांबलेले लोक म्हातारे होत चाललेत हो. खोट्या माणसाला घर दिलं, तर खऱ्याला काय सांगू?"

बाहेर आल्यावर कोस म्हणाला, "फेनाबाई, मिटलं की. फीचे पैसे परत करून टाकू."

"इतकी घाई असेल तर तुम्हीच परत करा," फेना म्हणाली. "मी आधी गल्ली बघते."

---

एल्झेनहोफ म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग. पुढे मोठ्या खिडक्या, मागे हातभर बाग आणि बागांमागून जाणारा अरुंद बोळ, सायकली आणि कचऱ्याचे डबे ने-आण करायला. पुढच्या खिडक्यांचे पडदे सगळे उघडे. कोण काय जेवतंय ते रस्त्यावरून दिसावं, आणि तरी कोणी बघू नये, अशी तिथली रीत.

योरिटने त्यांना घर दाखवलं. खाली पुढच्या खोलीत खिडकीशी वडिलांचा, बेरेन्डचा, पलंग अजून तसाच होता. वर योरिटची खोली होती. अंथरूण, चार शर्ट, रात्रपाळीची पिवळी बंडी.

"हे सगळं परवाही आणून ठेवता येतं," कोस फेनाच्या कानाशी कुजबुजला.

"येतं," फेना म्हणाली. "म्हणून तर मी शर्ट मोजत बसले नाही."

मागचं दार स्वयंपाकघरात उघडत होतं. बागेतल्या फरश्यांवर हिरवं शेवाळ माजलेलं. कोसचा पाय सटकला आणि त्याने कुंपण धरलं.

"इथे ऊन येतच नाही वाटतं," तो चरफडला.

"कधीच नाही," योरिट म्हणाला. "ही बाजू उत्तरेची."

स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड तपकिरी पडदा होता. फेनाने तो बोटांनी चाचपला आणि सोडून दिला. मग ती मागच्या दाराजवळच्या खुंटीपाशी थांबली. योरिटने आत आल्या आल्या कोट तिथेच अडकवला होता, न बघता.

---

डावीकडे ओरहान राहायचा. तो ट्राम चालवायचा आणि दोन वर्षांपूर्वीच या घरात आला होता.

"बेरेन्डकाका? सोन्यासारखा माणूस. झोप मात्र नव्हती बिचाऱ्याला."

"कशावरून?"

"भिंत बघा की." ओरहानने टकटक केलं. "पुठ्ठा आहे पुठ्ठा. मी संध्याकाळची पाळी संपवून आलो की यांच्या जिन्यावर धाडधाड. खाली उतरायचे. पहाटे परत वर. मी बायकोला म्हणायचो, या वयात हा माणूस रात्री फिरतो कुठे?"

"मुलाला पाहिलंत कधी?"

"अंत्यविधीला. त्याआधी नाही. खोटं कशाला बोलू?"

"काका गेल्यावर जिना शांत झाला?"

ओरहानने भिंतीकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "पण आता तर तो मुलगाच राहतोय ना तिथे."

---

उजवीकडच्या आफ्के टोल्स्माकडे ते गेले तेव्हा खोलीत खुर्च्यांचं रिंगण होतं. तिचा वाढदिवस होता.

कोस थेट रिकाम्या खुर्चीकडे निघाला. फेनाने त्याची बाही ओढली. मग दोघांनी तिथल्या रीतीप्रमाणे रिंगणात फिरून एकेकाशी हात मिळवला. आधी आफ्के, मग तिची बहीण, "बहिणीच्या वाढदिवसाचं अभिनंदन," मग मेहुणा, "मेहुणीबद्दल अभिनंदन." कोसने एका गृहस्थाचं बायकोबद्दल अभिनंदन केलं. तो आफ्केच्या पायांचा डॉक्टर निघाला.

"चालायचंच," डॉक्टर म्हणाला. "पायांबद्दल करा."

प्रत्येकाला केकचा एक तुकडा मिळाला. दुसरा कोणी विचारला नाही. पाहुणे पांगल्यावर फेनाने बेरेन्डचं नाव काढलं आणि आफ्केचा चेहरा पडला.

"बावीस वर्षांचे शेजारी आम्ही. दर शुक्रवारी मी त्याला सूप न्यायची. बघणारं कोणी होतं का त्याला? मुलगा म्हणाल तर वाढदिवसापुरता! बेल वाजवणार, रिंगणात बसणार, सगळ्यांशी हात मिळवणार. बापाशीसुद्धा. 'अभिनंदन, बाबा.' जसा बँकेतला साहेब. कोटबिट काही नाही, गाडी कोपऱ्यावर लावत असेल. पुढच्या दाराने गेला की वर्षभर बघायला नको."

"बेरेन्ड काय म्हणायचे त्याच्याबद्दल?"

"काय म्हणणार? 'योरिट कामात असतो गं.' पूर्वी किती मिरवायचा! स्वयंपाकघरं बसवून देण्याचं मोठं दुकान होतं पोराचं. सगळ्या गल्लीला तोंडपाठ."

"एकटेच जेवायचे?"

"तेच तर! बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तरी बटाटे दोघांचे सोलायचा. मी म्हणायची, कोणासाठी रे? म्हणायचा, सवय. मी सूप घेऊन जायची तेव्हा भांडं शेगडीवर, वर ताटली झाकलेली. कंबरेचं ऑपरेशन झालं, जिना बंद झाला, पलंग खाली आणला, तरी बटाटे तेवढेच."

"जिना कधीपासून बंद?"

"दोन वर्षांपेक्षा जास्त झाली. पायरीवर पाय ठेवता येत नव्हता त्याला. झोपण्याआधी मी पुढच्या रस्त्यावरून हात करायची, तो त्याच्या खिडकीतून." तिने डोळे पुसले. "पुढचा पडदा कधी लावला नाही त्याने. मागचा मात्र लावायचा. संध्याकाळ झाली की स्वयंपाकघर बंद पेटीसारखं. चार वर्षं. लोक बोलायचे. मी विचारलं तर म्हणाला, उन्हाने डोळे दुखतात."

कोसने केकच्या ताटलीतले कण बोटाने गोळा केले. त्याला आता योरिटचा रागच आला होता. गाडीत बसल्यावर त्याने तो बोलूनही दाखवला.

"बाप एकटा मेला आणि हा घरावर टपून बसलाय! खोटारडा मेला."

फेनाने पट्टा लावला. कोडं सुटलं की ती दिसायची तशी खूष दिसत नव्हती.

"कोणीच खोटं बोलत नाहीये, कोस," ती म्हणाली. "हीच तर पंचाईत आहे."

---

शनिवारी दुपारी सगळे बेरेन्डच्या पुढच्या खोलीत जमले. फान वेझेल बाई कोट मांडीवर घेऊन बसल्या. आफ्केने योरिटकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवली. ओरहान दाराशी टेकला. योरिट पलंगाच्या पायथ्याशी उभा होता.

"दोन गोष्टी शोधायच्या होत्या," फेनाने सुरुवात केली. "योरिट इथे राहत होते का, आणि नव्हते असं कोणी कळवलं. आधी सोपी सांगते. फोन करणाऱ्या बाईंना माहीत होतं, की मुलगा नोव्हेंबरात कोट न घालता आला. हे रिंगणात बसलेल्यालाच दिसणार. मला ते दुसऱ्यांदा ऐकायला मिळालं ते केक खाताना."

"मीच केला फोन," आफ्के ताडकन म्हणाली. "आणि परत करीन. खरं तेच सांगितलं मी!"

"तुम्ही पाहिलंत ते खरंच सांगितलंत. पण कोट का नव्हता, हा प्रश्न राहतो. माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी जाड कोट घट्ट लपेटला होता, म्हणजे थंडी वाजते. आले सायकलवर. योरिट, तुमच्याकडे गाडी आहे?"

"दुकान बुडालं तेव्हाच गेली."

"मग थंडीत, गाडीशिवाय, कोटाशिवाय अल्मेरहून कोणी येतं का? ज्याचं घर दोन मिनिटांवर आहे, तोच असा येतो. कोट तेव्हा इथेच होता. मागच्या दाराजवळच्या खुंटीला."

आफ्केने मान वळवली.

"आता जिना," फेना म्हणाली. "ओरहान रोज रात्री पावलं ऐकतात. खाली उतरलेली, आणि पहाटे वर चढलेली. त्यांना वाटलं, बेरेन्ड. पण बेरेन्डना दोन वर्षांवर एक पायरी चढता आलेली नव्हती. ओरहान भिंतीपलीकडून ऐकत होते, आफ्केबाई खिडकीतून बघत होत्या. दोघं कधी याबद्दल एकमेकांशी बोलले असते, तर मला इथे यायची गरजच नव्हती."

"अरे देवा!" ओरहान म्हणाला. "मग तो रात्रपाळीला जायचा."

"रात्री बाहेर, दिवसा वर झोपलेला. ये-जा मागच्या बोळातून. आणि वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या दिवशी, हा माणूस मागच्या दाराने बाहेर पडायचा, गल्लीला वळसा घालायचा आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवायचा."

कोसला आपण गाडीत काय बोललो ते आठवलं आणि तो शरमला.

"पण का?" फान वेझेल बाईंनी विचारलं.

योरिटच बोलला. "दुकान गेलं, बायको सोडून गेली. सगळ्या गल्लीला बाबांनी माझं कौतुक सांगून ठेवलेलं. मी आलो त्या रात्री म्हणालो, कोणाला सांगू नका, फक्त महिनाभर. पत्ताही त्यासाठीच बदलला नाही. महिन्याचं वर्ष झालं. वाढदिवसाला सगळे येणार, मी खाली आलो नसतो तर लोक म्हणाले असते मुलगा आलाच नाही. वरून उतरलो असतो तर म्हणाले असते, हा इथे पडून असतो. म्हणून बेल वाजवली. एकदा वाजवल्यावर दरवर्षी वाजवावी लागली." त्याने मागच्या दाराकडे पाहिलं. "कोट डोक्यातच आला नाही. दोन मिनिटांचं तर चालणं."

"म्हणजे राहत होते, हे मी मान्य करते," फान वेझेल बाई सावकाश म्हणाल्या. "पण चूल? होगलांड, तुम्ही दोघं एकत्र जेवायचात?"

तो 'हो' म्हणाला असता तर तिथलं कोणीही त्याला अडवलं नसतं. आफ्केनेही नाही.

"नाही," योरिट म्हणाला. "मी मुद्दाम ते टीव्हीसमोर बसले की खाली यायचो. दिसलो तर 'काय' आणि 'ठीक', एवढंच. त्यांना माझी लाज वाटायची. मी खाली येण्याआधी स्वयंपाकघराचा पडदासुद्धा ओढून ठेवायचे."

फान वेझेल बाईंनी निःश्वास सोडला आणि कोट उचलला.

"बसा जरा," फेना म्हणाली. "योरिट, तुम्ही जेवायचात काय?"

"जे असेल ते. शेगडीवर उरलेलं असायचं."

"रोज?"

"रोज."

"रोज उरतं, त्याला उरलेलं म्हणत नाहीत," फेना म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "तुमचे वडील चार वर्षं दोघांचे बटाटे सोलत होते. विचारलं तर सवय म्हणून सांगत. भांड्यावर ताटली झाकून ठेवत, गरम राहावं म्हणून. कंबर मोडली तरी त्यांनी माप बदललं नाही. आणि पडद्याचं कारण त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, ऊन लागतं. त्या खिडकीवर ऊन कधी पडलेलं नाही, तुम्हीच मला सांगितलंत. कोणाला दिसू नये, असं तुम्ही त्यांच्याकडे मागितलं होतंत. ते त्यांनी रोज संध्याकाळी पाळलं, लोकांची बोलणी खाऊन. लाज वाटणाऱ्या माणसाने हे एकदा केलं असतं. चार वर्षं नाही."

योरिट पलंगावर बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

कोस खिडकीबाहेर बघू लागला. रस्त्यावरून एक बाई कुत्रं घेऊन चालली होती आणि रीतीप्रमाणे आत बघत नव्हती.

"एकाने रोज दोघांचं रांधलं, दुसऱ्याने रोज खाल्लं," फान वेझेल बाई कोट पुन्हा मांडीवर ठेवत म्हणाल्या. "टेबल वेगळं, वेळ वेगळी. पण चूल एकच. आफ्केबाई, बटाट्यांचं आणि ताटलीचं तुम्ही सही करून सांगाल?"

"दहा सह्या करीन," आफ्के म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी त्याला रस्त्यावर काढत होते हो! दर शुक्रवारी त्याच्या बापासमोर त्याला शिव्या घातल्या मी, आणि तो वर झोपलेला होता. आणि बेरेन्ड नुसता ऐकत बसायचा. एकदा तरी सांगायचंस ना रे, बेरेन्ड!"

"घर तुमच्या नावावर होईल," फान वेझेल बाईंनी योरिटला सांगितलं. "एक तारखेपासून."

त्याने मान हलवली. आनंदाचं काही चिन्ह त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं, आणि कोसला ते बघवेना. हा माणूस घर टिकवायला आला होता. घर टिकलं होतं. पण ज्या माणसाबरोबर राहिल्याचा पुरावा त्याला हवा होता, त्याच्याबरोबर तो खऱ्या अर्थाने एक दिवसही राहिला नव्हता, आणि हेही आजच त्याला कळलं होतं.

फान वेझेल बाई गेल्या. ओरहान योरिटच्या खांद्यावर हात ठेवून गेला. फेनाने हातमोजे चढवले.

"फीचे पैसे परत करून टाका," कोस तिला हळूच म्हणाला.

"मला शिकवू नका," ती म्हणाली, पण चिडून नाही.

आफ्के अजून खुर्चीतच होती. ती उठली, योरिटसमोर जाऊन उभी राहिली.

"माफ कर रे पोरा."

"तुम्ही काय चूक सांगितलंत?" योरिट म्हणाला. "वाढदिवसापुरताच होतो मी." मग त्याने वर पाहिलं. "शेजारीणबाई, शुक्रवारी तुम्ही किती वेळ बसायचात?"

"तासभर. कधी दीड."

"काय बोलायचे बाबा?"

आफ्केने कोसकडे पाहिलं, जणू हे सांगायची परवानगी त्याच्याकडून घ्यायची होती. मग ती पलंगावर योरिटशेजारी बसली.

"बोटींबद्दल फार बोलायचा," ती म्हणाली. "तुला माहीतच असेल."

"नाही," योरिट म्हणाला. "कुठल्या बोटी?"

ती सांगू लागली. फेना आणि कोस बाहेर पडले आणि कोसने आवाज न करता दार लावून घेतलं.